जांभळाची बी आणि तंजावरचा तापलेला दगड

लोक तंजावरला मोठं मंदिर बघायला जातात, सोन्याचा वर्ख लावलेली चित्रं आणायला जातात. आम्ही गेलो जांभळाच्या बियांसाठी, आणि त्याही आमच्या कराडच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीत ढिगाने वाळत पडलेल्या असताना. तेव्हा तंजावरचा बेत आखत असाल तर हे जरूर वाचा, पण आमचं अनुकरण सगळ्याच बाबतीत करू नका.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, नाहीतर शेअर बाजाराला. आमचे हे, म्हणजे श्रीकांत, बियांना लागले. जांभळाची बी मधुमेहाला, आंब्याची कोय पोटाला, पपईच्या बिया जंतांना, कलिंगडाच्या कशाला ते त्यांनाही आठवत नाही, पण टाकायच्या नाहीत. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर म्हणून एका बरणीत वेगळी. उवा व्हाव्यात इतके केस घरात फक्त माझ्या डोक्यावर, आणि माझी काही तक्रार नव्हती. मी फळ खाऊन कचऱ्याच्या डब्याकडे वळले की मागून "अगं, अगं" सुरू. पाहुणे आले की त्यांनी खाल्लेल्या बोराच्या बियासुद्धा हे गोड बोलून परत मागून घेत.

इथवर मी हसत होते. मग एक दिवस यांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि सकाळी चमचाभर जांभूळबियांची पूड सुरू केली. भांडून झालं, रडून झालं, डॉक्टरांकडे ओढून न्यायचा प्रयत्न झाला. "रसायनं कशाला, निसर्गाने दिलंय ना," हे एकच उत्तर. वर पुरावा म्हणून मोबाईलवर आलेला एक मेसेज: तंजावरच्या मराठे राजांच्या औषधशाळेतलं गुप्त चूर्ण, तिथली मराठी घराणी आजही जांभळाची बी टाकत नाहीत, गोळ्या कायमच्या सुटतात, दहा जणांना पाठवा.

या मेसेजचं कूळ मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचं, मुग्धाचं, बेंगळुरूत लग्न झालं. मुलाकडची मंडळी तंजावरची मराठी, राजांच्या वेळेपासून तिकडेच राहिलेली. लग्नात मुलाच्या आई, पद्माबाई, आमच्या ह्यांच्या शेजारी बसल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या की आमच्याकडे जांभळाची बी टाकत नाहीत, वाळवून पूड करतात, यजमान रोज घेत असत. झालं. घरी आल्यावर यांनी ते वाक्य बियांच्या फोटोसकट कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. वर्षभराने तेच वाक्य राजा, औषधशाळा आणि गुप्तता अंगावर चढवून यांच्याकडे परत आलं, आणि यांनी ते स्वतंत्र पुरावा म्हणून स्वीकारलं. फोटोतलं ताट आमचं होतं. काठावर "कुलकर्णी परिवाराकडून सप्रेम" अशी कोरलेली अक्षरं अर्धी दिसत होती, माझ्या लग्नात आलेलं ताट ते. मी बोट ठेवून दाखवलं.

"अशी ताटं घरोघरी असतात," हे म्हणाले.

शेवटी मी एक तोड काढली. पद्माबाई तंजावरला राहतात, बोलावतातही सारख्या. आपण जाऊ, त्यांनाच विचारू. त्या म्हणाल्या गोळ्या घ्या, तर घ्यायच्या. त्या म्हणाल्या नको, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. हे इतक्या आनंदाने तयार झाले की मलाच धास्ती वाटली. पण दुसरा उपाय उरला नव्हता.

प्रवासाचं सांगते. कराडहून बेंगळुरूला रात्रीची बस सरळ हायवेने जाते. एक दिवस मुग्धाकडे थांबलो आणि संध्याकाळची रेल्वे धरली, ती सकाळी तंजावरला सोडते. या गाडीचं आरक्षण लवकर संपतं, महिनाभर आधी करा. उजाडता उजाडता खिडकीतून भातखाचरं, केळी आणि पाटाचं पाणी दिसू लागतं. ते बघण्यासाठी लवकर उठा. हे उठले, पण पूड खाण्यासाठी.

पद्माबाईंचं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. त्या जवळच्या ओरत्तनाडू गावच्या सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, पासष्टीच्या, आवाज मोठा आणि हात त्याहून सढळ. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, आत कॉफीच्या डिकॉक्शनचा वास. मी गल्लीत पत्ता विचारताना अगदी सावकाश, एकेक शब्द सोडवून मराठी बोलत होते, तर त्या उंबऱ्यातून म्हणाल्या, "या, या. प्रवास बरा झाला कीं? आधीं कॉफी घेतां, कीं स्नान?" तमिळ चालीवरचं ते जुनं मराठी ऐकून मला उगाच भरून आलं.

न्याहारी केळीच्या पानावर. इडली, दोन चटण्या आणि सांबार. सांबार मराठ्यांनीच शोधलं हे त्यांनी पहिल्या घासाच्या आत सांगितलं, तिथे कुठल्याही मराठी घरी सांगतात, मान डोलवावी. यांचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. देवघराशेजारी एक पितळी डबा होता, त्यात गुळगुळीत तपकिरी बिया भरलेल्या. हे दोन्ही हात जोडून त्याच्यासमोर उभे राहिले आणि पद्माबाई वळायच्या आत एक बी तोंडात टाकली.

"तें खाऊं नका," पद्माबाई म्हणाल्या. "खेळायचें आहे तें."

ते चिंचोके होते. पल्लांगुळी म्हणून त्यांचा एक खेळ असतो, लाकडी फळीवर खळगे आणि त्यात वाटत जायच्या बिया, शेजारच्या बायका रोज दुपारी जमतात. यांनी बी तोवर गिळली होती. त्या दुपारी डावात एक बी कमी पडली आणि सगळ्या बायका आमच्या ह्यांच्याकडे बघत राहिल्या.

कॉफी झाल्यावर मी थेट विषय काढला. "पद्माबाई, हे गोळ्या सोडून जांभळाची पूड घेतात. हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा."

पद्माबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. मी सुनेची मावशी, हे मुलीकडचे पाहुणे, पहिलाच दिवस. त्यांनी मान डावी-उजवीकडे डोलवली, तिकडे डोलवतात तशी. "बी चांगलीच असते," त्या म्हणाल्या. "गोळीचें तुमच्या डॉक्टरांस विचारा. मी काय सांगणार?" आणि डोसा आणायला आत गेल्या.

हे माझ्याकडे बघून असे हसले की निवडणूकच जिंकली. कराडपासून आखलेला माझा डाव पाहुणचारात बुडाला. मला पद्माबाईंचा रागच आला, खोटं कशाला सांगू.

दुपारी यांनी मला बाजारात नेलं. तिकडे काष्ठौषधींची दुकानं जागोजागी आहेत, पोती उघडी, वासाने डोकं जड होतं. यांना राजांच्या देशातली अस्सल पूड हवी होती. दुकानदार उत्साही, थोडी हिंदी येणारा. यांनी "जांभळाची बी" म्हणून हातवारे केल्यावर त्याने आधी बी दाखवली, मग पूड, मग बियांचं तेल, मग एका डब्यातून काहीतरी काळं.

"शुगर? सगळ्यांना लागते," तो म्हणाला. "माझ्या वडिलांना पण देतो."

"त्यांच्या गोळ्या सुटल्या?" यांनी विचारलं.

"गोळ्या वेगळ्या, हे वेगळं," तो म्हणाला आणि पाकीट पिशवीत घातलं. यांनी पहिला अर्धा भाग सोयीने ऐकलाच नाही. बाहेर येऊन मी पाकीट उलटं करून वाचलं. उत्पादन सातारा जिल्ह्यातलं होतं. आमच्याच घाटातली जांभळं आमच्या आधी तंजावरला पोचली होती. हे म्हणाले, "बघ, माल चांगला आहे म्हणूनच इतक्या लांब येतो."

दुसऱ्या दिवशी तिरुवैयारु. तंजावरच्या जुन्या स्टँडवरून सतत बस असते, तिकीट चहापेक्षा फार जास्त नाही, अर्ध्या तासाचा रस्ता आणि वाटेत एकामागून एक नद्यांचे पूल. कावेरीच्या घाटावर पायऱ्यांवर बसलं की शेजारच्या घरातून गाण्याची शिकवणी ऐकू येते, एकच ओळ पोरं पुन्हा पुन्हा घोटत असतात. या गावचा अशोका हलवा प्रसिद्ध आहे. मुगाच्या डाळीचा, नारिंगी, चमच्यावरून तूप ओघळतं. जरूर खा. मी एक वाटी घेतली. यांनी एक घेतली, मग दुसरी, आणि घरासाठी डबा बांधून घेतला.

"अहो, साखर," मी म्हणाले.

"पूड घेतलीय सकाळी," हे म्हणाले. पावसाळ्यात छत्री असलेला माणूस जसा निर्धास्त फिरतो तसे हे हलवा खात होते.

निघताना पद्माबाईंनी बजावलं होतं की मंदिरात सकाळी लवकर जा नाहीतर चारनंतर, मधल्या वेळी दगड तापतो. आम्ही हलव्यापायी उशीर केला आणि तंजावरला परतून मोठ्या मंदिरात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दुपारी मंदिर बंद होतं, म्हणून यांना घाई. चपला बाहेर ठेवाव्या लागतात. पायमोजे चालतात, ते बरोबर न्या, आणि काथ्याची पट्टी अंथरलेली असते तिच्यावरूनच चाला. मोजे आमच्याकडे नव्हते.

मंदिराचं वर्णन मी करणार नाही, ते करायला माझे पाय जमिनीवर टिकलेच नाहीत. पट्टी संपली आणि अंगण सुरू झालं की तव्यावर उभं राहिल्यासारखं होतं. मी सावली ते सावली पळत होते. एक गुजराती कुटुंब, कॉलेजच्या पोरी, एक धिप्पाड परदेशी बाप्या, सगळे उड्या मारत होते. आणि अंगणाच्या मधोमध आमचे हे कमरेवर हात ठेवून शांतपणे शिखराकडे बघत उभे. मग सावकाश भिंतीपाशी गेले, कोरलेली अक्षरं न्याहाळत एक अख्खी बाजू चालले. मी नंदीच्या मंडपातून हाका मारत होते.

परतल्यावर चेहरा उजळलेला. "बघितलंस? एवढी तरणीताठी माणसं नाचतायत आणि मला काही नाही. हे आतून येतं. तीन महिन्यांच्या पुडीचा परिणाम."

मी तेव्हा हसले. फोटोही काढला, तो माझ्या फोनमध्ये आहे.

जेवायला घरी आलो. पद्माबाई पान वाढत होत्या. यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली, परदेशी बाप्याच्या उड्यांची नक्कलसुद्धा केली. पद्माबाईंचा हात रसमच्या भांड्यावर थांबला.

"पाय दाखवा बघूं," त्या म्हणाल्या.

हे लाजले. विहीणबाईंना तळपाय कसे दाखवायचे? "अहो, काही नाही झालेलं. दुखत पण नाही."

"दुखत नाहीं म्हणूनच सांगूंलें. दाखवा."

त्यांनी स्टूल ओढलं, स्वतः खाली बसल्या आणि यांचा उजवा पाय हातात घेतला. टाचेपुढे पाण्याने तट्ट फुगलेला फोड होता, अंगठ्याखाली दुसरा, तो फुटून कातडं सुटलं होतं. फरशीवर ओले डाग दारापासून आत आले होते. ते आम्हाला कुणालाच दिसले नव्हते. हे वाकून आपल्याच पायाकडे दुसऱ्याचा असावा तसे बघत होते.

"आमच्या यजमानांस पण ऊन लागत नव्हतें," पद्माबाई म्हणाल्या. पाय त्यांनी सोडला नव्हता. "आडी महिन्यांत, तुमच्या आषाढांत, नवस होता, त्याच देवळास अनवाणी प्रदक्षिणा घाट्ली. येऊन म्हणट्ले, पद्मा, मज कांहीं चटका नाहीं. मज वाटलें देवाची कृपा. सगळ्या गल्लींत सांगून आलें. मग जखम झाली, भरेना. आधीं बोट काढलें, मग गुडघ्याखालीं पाय. त्यावर वर्षभरच राहिले."

"पण ते पूड घेत होते ना?" हे कसंबसं म्हणाले.

"घेत होते. मीच करून देत होतें, मायेनें. गोळी सोडली होती त्यांनीं. लग्नांत तुम्हांस हेंच सांगायचें होतें."

मग मला सगळं आठवलं. लग्नात त्यांचं ते वाक्य झालं आणि मुहूर्ताचा मेळ, म्हणजे त्यांची वाजंत्री, सुरू झाला. त्यांच्या पद्धतीत मंगळसूत्र बांधताना ढोल आणि नादस्वरम एकदम जोरात वाजवतात, अशासाठी की त्या क्षणी कुठे कुणी अशुभ बोललं तर ते कानावर पडू नये. पद्माबाई "यजमान रोज घेत असत" इथवर आल्या होत्या.

"मेळ वाजला, मी गप्प झालें," त्या म्हणाल्या. "लेकाच्या मुहूर्तास पाय कापल्याचें कोण बोलेल? नंतर पंगत झाली, राहून गेलें. आणि काल तुम्हीं विचारलें तेव्हां पाहुण्यांस एकदम कसें बोलायचें म्हणून मान हालवली. तें चुकलें माझें."

यांनी मग तो मेसेज वाचून दाखवला, कारण पद्माबाईंना देवनागरी वाचता येत नाही. वाचताना आवाज बारीक होत गेला. पद्माबाईंनी स्वतःचा फोन आणला. तोच मेसेज त्यांना तमिळमध्ये कुणीतरी पाठवला होता, खाली आमचंच ताट. त्यांनी तो वरवर वाचून, चांगला आहे म्हणून, पुढे चारजणींना धाडलाही होता.

"हें मी म्हणट्लें?" त्या म्हणाल्या, आणि मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या.

रिक्षा करून डॉक्टरांकडे गेलो. शुगरचा आकडा लिहीत नाही. एवढंच सांगते की डॉक्टरांनी मशीन बिघडलं असेल म्हणून दुसरं आणायला लावलं, आणि त्यानेही तेच सांगितलं. मग त्यांनी एक बारीक तार यांच्या तळपायाला ठिकठिकाणी टेकवली. "लागतंय?" विचारल्यावर हे माझ्याकडे बघत होते, जणू उत्तर माझ्याकडे आहे. मी तिथे रडले. बाईमाणसाने परमुलखात दवाखान्यात रडू नये असं काही नाही.

तिसरा दिवस राजवाड्याचा. हे पाय उशीवर ठेवून घरी आणि मी पद्माबाईंबरोबर. ग्रंथालयाचं संग्रहालय आणि मूर्तींचं दालन दोन्ही बघा, निवांत अर्धा दिवस लागतो, सुट्टीचे वार आधी विचारून घ्या. कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं. औषधशाळेबद्दल मी तिथल्या एका माणसाला विचारलं. तो म्हणाला, होती, वैद्य होते, बरंच लिहून ठेवलंय. गुप्त काही आहे का? तो हसला. म्हणाला, मराठी माणसं आली की हेच विचारतात. बियांमध्ये काहीच नसेल असं मी म्हणत नाही. अभ्यास करणारे करतायत, उद्या एखादं खरं औषध निघेलही, आणि निघालं तर मीच पहिली घेऊन येईन. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर यावं एवढंच माझं म्हणणं आहे.

निघताना पद्माबाईंनी लिंबाचं लोणचं, हलत्या मानेची एक बाहुली आणि यांच्यासाठी मऊ तळव्याच्या चपला दिल्या. पूड दिली नाही.

"अजून करतां का हो?" मी विचारलं.

"करतें. जांभळें आलीं कीं हात राहत नाहीं. कोणास देत नाहीं," त्या म्हणाल्या.

घरी येऊन आता काही महिने झाले. यांनी ग्रुपवर दुरुस्तीचा मेसेज टाकला, पद्माबाईंचं पूर्ण वाक्य, पायासकट, स्वतःच्या फोडाच्या फोटोसकट. त्यावर दोन अंगठे आले आणि एक गुलाबाचं फूल. पुढे कुणी पाठवला नाही. जुना मात्र मागच्या आठवड्यात पुन्हा आला, आता त्यात "राजवैद्यांच्या सुनेने स्वतः सांगितलेलं" असं आहे. यांनी तो वाचला, चष्मा काढून ठेवला आणि दुपारची गोळी घेतली. खिडकी मी रिकामी केली. सीताफळाच्या बिया तेवढ्या ठेवल्यात, यांच्या समाधानासाठी.

जखम भरली, पण संवेदना गेली ती गेली. इथले डॉक्टर म्हणाले, गोळ्या सोडल्या नसत्या तर कदाचित इतकी गेली नसती. फार मागे लागून विचारलं तेव्हा म्हणाले. आता रोज संध्याकाळी यांचे पाय तपासायचं काम माझ्याकडे आहे. बोट टेकवून विचारते, लागतंय? हे लगेच हो म्हणतात. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणतात असा संशय आला, म्हणून मी डोळे मिटून घ्यायला सांगू लागले.

परवा यांनी डोळे मिटले, आणि मी बोट टेकवलंच नाही. हात मांडीवर ठेवून नुसतं विचारलं, "लागतंय?"

"हो," हे म्हणाले. "अंगठ्याला."

मी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून बघायला लागले.